सात नंबरचा शिक्का

३ जानेवारी, सोमवार

मालकांनी सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. गेल्या वर्षीच्या डायरीत मी फक्त गॅसचं सिलिंडर कधी बदललं एवढंच लिहिलं होतं. या वर्षी रोज नाही तरी काही घडेल त्या दिवशी लिहायचं ठरवलं आहे, कारण हे वर्ष कारखान्याचं शेवटचं ठरू शकतं.

सकाळी मालकांनी मला आणि अडतीस कामगारांना जोडणीच्या शेडमध्ये उभं केलं. मालक माझ्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान. त्यांच्या वडिलांबरोबर मी हा कारखाना उभा केला, म्हणून ते मला काका म्हणतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं. वैमानिक शाळेला बारा विमानं घ्यायची आहेत, चार जण बसतील अशी, एका पिस्टन इंजिनाची. तीस एप्रिलला शाळेच्या धावपट्टीवर आमचं आणि पलीकडच्याचं विमान शेजारी शेजारी उभं राहणार. चार माणसं आणि भरलेली टाकी घेऊन उडून दाखवायचं. जो दाखवेल त्याला काम. आपल्याला नाही मिळालं तर शेडला कुलूप.

पलीकडचा म्हणजे धावपट्टीच्या पलीकडचा. वीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर पत्र्यांना रिबिटा मारत होता. सहा वर्षांपूर्वी उठला आणि समोर स्वतःची शेड टाकली. त्याचं विमान नखशिखांत फायबरचं, इंजिन डिझेलवर चालणारं, आणि छतात अख्ख्या विमानाला पुरेल असं पॅराशूट. आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता कोणी हसत नाही.

आमचं विमान पत्र्याचं. चार माणसं आणि भरलेली टाकी घेतली की मान्य वजनापेक्षा चौतीस किलो जास्त भरतं. म्हणून मालकांनी धड पत्र्याचं ठेवून पंख तेवढा फायबरचा करायला काढला आहे. त्यासाठी एक इंजिनियर बाई आणली आहे, एकोणतीस वर्षांची. दिवसभर बादलीत फायबर चिकटवायची राळ घोटत असते. मी तिला डिंकवाली म्हणतो. सगळे आता तेच म्हणतात.

आणि तो पंख उडण्याजोगा आहे की नाही हे ठरवणार मी. सात नंबरचा शिक्का माझा. पंखावर मारायचा शिक्का कारखान्यात एकच आहे, आणि तो बसल्याशिवाय विमान शेडच्या दाराबाहेर जात नाही.

७ जानेवारी, शुक्रवार

डिंकवालीने आज माझी परीक्षा घ्यायचा घाट घातला.

फायबरचा जोड नाण्याने वाजवून तपासतात. चांगला चिकटला असेल तर खणखणीत वाजतो, आत पोकळी राहिली असेल तर बद्द. मडकं घेताना बायका वाजवून घेतात, तसंच. यात शिकवण्यासारखं काही नाही. पण बाईसाहेबांनी वहीएवढा एक तुकडा बनवून आणला. त्यात मुद्दाम तीन ठिकाणी पोकळ्या ठेवल्या आहेत आणि त्या कुठे आहेत ते मागे लिहून वर कागद चिकटवला आहे. रोज सकाळी आधी हा तुकडा वाजवायचा, तिन्ही पोकळ्या शोधायच्या, रजिस्टरमध्ये सही करायची आणि मगच पंखाला हात लावायचा.

"कोणाला?" मी विचारलं.

"जो वाजवणार त्याला. कान रोज सारखा नसतो, सर. सर्दी असते, थकवा असतो."

अख्खा कारखाना मला कानसेन म्हणतो ते हिला कोणी सांगितलेलं दिसत नाही. अकरा वर्षांपूर्वी धावपट्टीकडे निघालेलं विमान मी हात आडवे करून थांबवलं होतं, नुसत्या आवाजावरून. उघडलं तर व्हॉल्व्हला तडा. त्या विमानात मालकांचे वडील बसलेले होते. त्या माणसाला ही वहीएवढा तुकडा देते.

मी रजिस्टरमध्ये सही केली आणि तुकडा पिशवीत टाकून घरी आणला. सध्या फोनखाली ठेवायला बरा पडतो.

१९ जानेवारी, बुधवार

पहिला पंख भट्टीतून निघाला. दिसायला देखणा. सगळे हात लावून लावून बघत होते.

मी शेड रिकामी करून घेतली, कंप्रेसर बंद करायला लावला आणि बुडापासून टोकापर्यंत बोटबोट अंतरावर वाजवत गेलो. साडेतीन तास. सगळीकडे बद्द. पंखाच्या आत जो कणा असतो, ज्याच्यावर सगळा भार, त्याच्या जोडावर तर अगदीच मेलेला आवाज.

डिंकवालीने स्वतःचं नाणं काढलं आणि माझ्याच खुणांवरून वाजवत गेली. म्हणाली, "सर, हे खणखणीत आहे. ऐका ना."

ऐकलं. बद्द.

मालक म्हणाले, "काका, खात्री आहे?" मी म्हटलं, "तुमच्या वडिलांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता." त्यांनी मान खाली घातली. पंख बाद.

घरी आलो तर ही शिवणयंत्रावर होती. माझी बायको लोकांचे कपडे दुरुस्त करून देते, चेन बदलणं, उंची कमी करणं. तिला सांगितलं. ती काहीतरी म्हणाली, पण अलीकडे ती फार हळू बोलते. यंत्रासमोर बसून बसून छातीतली ताकद गेली असेल. डॉक्टरला दाखव म्हटलं तर माझ्याकडे बघतच राहिली.

२ फेब्रुवारी, बुधवार

बाद पंख कापून बघितला. करवतीने आठ ठिकाणी आडवा. तपासणी खात्याचा माणूसही आला होता.

आत काही सापडलं नाही. जोड एकसंध. डिंकवाली हाताची घडी घालून उभी होती, एक अक्षर बोलली नाही, पण तिचं न बोलणं सगळ्यांना ऐकू जात होतं.

मी समजावून सांगितलं की ही पोकळी केसाएवढी असते, करवतीच्या उष्णतेने राळ वितळून ती मिटते. खात्याच्या माणसाने डोकं खाजवलं आणि लिहून घेतलं. खरं सांगायचं तर हे कारण मला तिथल्या तिथे सुचलं. पण सुचलं याचा अर्थ खोटं आहे असा नाही. माझे कान खोटं सांगत नाहीत, तेव्हा कारण काहीतरी असणारच.

कण्याजवळचा एक तुकडा घरी आणला आहे. रोज वाजवून बघतो, बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवून.

९ फेब्रुवारी, बुधवार

या वर्षी खिडकीत चिमण्या नाहीत. पलीकडच्याच्या डिझेलच्या धुराने गेल्या असणार. त्याचं इंजिन तिथे तासन् तास चाचणीवर चालू असतं.

दाराची घंटा बिघडली आहे. सेल बदलले तरी वाजत नाही. ही म्हणते वाजते. बायकांना आपलं घर नेहमी व्यवस्थितच वाटतं.

तुकडा वाजवत होतो तर ही आतून ओरडत आली. "अहो, बंद करा ती टणटण. सुईसारखी डोक्यात जाते." मी म्हटलं, टणटण कसली, बद्द आहे. ती पुन्हा तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच."

आज जुन्या विमानाचं एक इंजिन पास केलं. कान लावला, कुठेही टकटक नाही. अलीकडे इंजिनं फार शांत आली आहेत, गेल्या दोनेक वर्षांत तर कशातच खोट सापडली नाही. निदान एवढं तरी आमचं चांगलं चाललं आहे.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरा पंखही बाद.

शेडमध्ये खरी बाचाबाची झाली. डिंकवाली म्हणाली, आवाज मोजायचं यंत्र आणू या, पलीकडे आहे तसं. पडद्यावर रेघ उमटते, कानाचा संबंधच नाही. मी म्हटलं, "पलीकडे बरंच काही आहे. पॅराशूट पण आहे. ज्याला आपल्या कामाची खात्री नाही त्याला छत्री लागते." चार जण हसले. ती हसली नाही.

"सर, दोन पंख तुम्ही बाद केलेत. दोन्ही कापले. दोन्हींत काही नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो.

तिचा चेहरा लाल झाला. मला जरा बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. कानामागून आली आणि तिखट झाली. दीड महिन्यात ती मला पंख शिकवते.

पण संध्याकाळी एकटा बसलो तेव्हा दिवस मोजले. एप्रिल येत आहे. पंख बनवायला तीन आठवडे लागतात. जोडणीतल्या बायका डबा खाताना माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या एकीचा नवरा खाटेवर आहे, एकीने नुकतं घर बांधायला घेतलं आहे. त्यांना वाटत असेल, या म्हाताऱ्याने एकदा डोळे मिटून शिक्का मारावा. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग त्या पंखाखाली चार माणसं डोळ्यांसमोर आली. नाही मारणार.

४ मार्च, शुक्रवार

मालकांना चिठ्ठी दिली. तीन ओळी. राळेचं काम करणाऱ्या व्यक्तीच्या हाताला गुण नाही. दोन पंख त्यामुळे वाया गेले. तिसरा तिच्या हातून होऊ नये. खाली सही, आणि सवयीने शिक्का.

दिवसभर जेवण गेलं नाही. चुगली करणं माझ्या स्वभावात नाही. पण ही चुगली नाही, तपासणीचा अहवाल आहे.

७ मार्च, सोमवार

डिंकवाली गेली. मालकांनी तिला दारं लावून सांगितलं, पण शेडला कळायला वेळ लागत नाही.

नाणं, मोजपट्टी आणि चहाचा कप घेऊन ती माझ्या बाकापाशी आली. मी कागदांत डोकं घातलेलं. म्हणाली, "सर, एकच विचारते. सकाळचा तुकडा रोज वाजवलात ना?"

"रजिस्टर बघ. सही आहे."

"हो. सही आहे," ती म्हणाली.

आत कुठेतरी टोचलं. तो तुकडा जानेवारीपासून माझ्या घरी फोनखाली आहे. तिने बाकावर दुसरा करून ठेवला होता, त्यालाही मी कधी नाणं लावलं नाही. मी रोज सही करतो, हे खरं. पण ज्याला पोहता येतं त्याने रोज आधी बादलीत पाय बुडवून दाखवावे का?

दारापर्यंत गेली, वळली, काहीतरी बोलली. आभार मानले असावेत. मी हात वर केला. माणसाने मोठ्या मनाने निरोप द्यावा.

२९ मार्च, मंगळवार

तिसरा पंख. या वेळी मी स्वतः भट्टीजवळ उभा होतो. राळ माझ्यासमोर घोटली, कापड माझ्यासमोर लावलं, रात्रपाळीतही कोणी गडबड करू नये म्हणून भट्टीच्या दाराला माझं कुलूप.

वाजवला. बद्द.

तेच ते. बुडापासून टोकापर्यंत. मी तीनदा वाजवला. चौथ्यांदा नाणं बदललं. मग मालकांच्या खिशातलं नाणं मागितलं. 

"काका," ते म्हणाले, "आता पुन्हा बनवून, विमानाला लावून उडवून बघायला वेळ नाही. हाच उडवायचा, नाहीतर पत्र्याचा जुना घेऊन जायचं. मी तुम्हांला जबरदस्ती करत नाही. पण माझ्या कानाला हा चांगला वाटतो."

"तुमच्या कानाला," मी म्हणालो.

 लहान असताना हाच मुलगा माझ्या मांडीवर बसून रिबिटा मोजायचा. तो त्या पंखाला टेकून उभा राहिला आणि मला वाटलं आता रडेल. मला शिक्का मारता आला असता. शिक्का खिशातच होता. मुठीत घट्ट धरून बसलो आणि नाही मारला. आयुष्यात एवढं अवघड काही केलं नाही. निदान स्वतःशी प्रामाणिक राहिलो, याचं समाधान मानायचं.

पंख कापला. आत काही नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

डायरीत एक चिठ्ठी सापडली. कानाच्या डॉक्टरांकडची वेळ, उद्या अकराची. हिने ठेवली असणार, विसरून. म्हणजे तिलाही कळलं आहे की तिच्या कानांत काहीतरी दोष आहे, म्हणून घंटा वाजते असं वाटतं. बिचारी सांगायला लाजते. चिठ्ठी तिच्या यंत्राच्या खणात ठेवून दिली. म्हटलं, जाऊन ये, मी काही विचारणार नाही.

तिने चिठ्ठी बघितली आणि डोळ्यांना पदर लावला. मी फार हळवा झालो. इतकी वर्षं झाली, पण अजून तिच्या मनातलं मला न सांगता कळतं.

३० एप्रिल, शनिवार

झालं.

पत्र्याचा पंख लावून गेलो. आमचा पायलट, शाळेची तीन माणसं, भरलेली टाकी. वजनकाट्यावर चौतीस किलो जास्त. शाळेच्या मुख्य बाईंनी कागद बघितला आणि विचारलं, कोणाला उतरवायचं? पायलटने टाकीतलं इंधन काढून घेऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, मग परत कसे याल? त्या चेष्टा करत नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

पलीकडच्याचं विमान चौघांना घेऊन उडालं, शाळेला दोन फेऱ्या मारल्या आणि उतरलं. शेजारी डिंकवाली उभी होती, त्यांच्या निळ्या जाकिटात. मला वाटलंच होतं. माणूस गळाला लागायला वेळ लागत नाही. पलीकडचा माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून काही बोलला. इंजिन चालू होतं, काही कळलं नाही. मी मान हलवली. तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत थांबला आणि गेला.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. की बोलत होते, कोण जाणे.

६ मे, शुक्रवार

कुलूप लागलं. मालकांनी एकेकाला आत बोलावून हात जोडले. घर बांधणाऱ्या बाईने माझ्याकडे पाठ फिरवली. मी तिला म्हणणार होतो की मी चार माणसांचा जीव वाचवला आहे. पण त्या चार माणसांची नावं कोणाला सांगता येत नाहीत, आणि ही अडतीस समोर उभी होती.

तिन्ही पंखांचे तुकडे भंगारवाल्याने नेले. फायबरला भंगारात कोणी विचारत नाही, नुसता उचलून न्यायला तयार झाला.

८ मे, रविवार

हे कसं लिहू कळत नाही. घडलं तसं लिहितो.

दुपारी जेवण झाल्यावर टेबलापाशी बसलो होतो. कामधंदा नाही, म्हणून कण्याजवळचा तो तुकडा वाजवत होतो. ही आतून आली आणि माझा हात धरला. "अहो, पुरे. तीन महिने झाले, डोकं उठलंय माझं त्या टणटणीनं."

मी चिडून फोन उचलला आणि त्याच्याखालचा डिंकवालीचा तुकडा तिच्यापुढे आपटला. म्हटलं, "टणटण काय असते ते माहीत आहे का तुला? घे. यात तीन ठिकाणी पोकळी आहे. शोधून काढ. मग मला शिकव."

तिने नाणं घेतलं. आयुष्यात विमानाला हात लावला नाही. कपड्यावर खडूने खुणा करतात तशी तिने एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. टक टक टक. मग थांबली. "इथं नाही वाजत तसं." खडूने गोल काढला. पुढे गेली. अजून एक. अजून एक. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी मागचा कागद फाडला. तिन्ही बरोबर. एक तर अगदी मिलिमीटरवर.

मग मी वाजवलं. गोलाच्या आत, गोलाच्या बाहेर. सगळीकडे एकच.

पंखाचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. कसं म्हटलं ते आठवत नाही. ती सावकाश, सगळीकडून वाजवून बघत होती. माझ्याकडे बघायचं टाळत होती. शेवटी म्हणाली, आणि या वेळी मोठ्याने, माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "हे सगळं सारखंच आहे. सगळं खणखणीत आहे."

मी विचारलं, घंटा वाजते?

"वाजते."

चिमण्या?

"आहेत की. तुम्ही रोज त्यांच्यासमोर बसून चहा घेता."

डॉक्टरांची चिठ्ठी. ती माझी होती.

तीन पंख चांगले होते. तिन्ही मी कापायला लावले. एका बाईच्या हाताला गुण नाही असं लिहून शिक्का मारला. अडतीस घरांच्या चुली मी विझवल्या आणि स्वतःला प्रामाणिक म्हणवून घेतलं. चाळीस वर्षं रिबिटांच्या आवाजात काढली. तो आवाज कानांतून काय काय घेऊन गेला ते मला दिसलं नाही, कारण जे ऐकू येत नाही ते नाही असंच वाटतं. रोज सकाळी एक मिनिट तो तुकडा वाजवला असता तर सात जानेवारीलाच कळलं असतं. मी सही केली.

१० मे, मंगळवार

मालकांकडे गेलो. घरी खोकी भरत होते. सगळं सांगितलं. त्यांनी हातातली दोरी गुंडाळून ठेवली. मग जवळ येऊन, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "काका, मला मार्चमध्येच शंका आली होती. पण तुम्हांला कसं म्हणायचं? तुम्ही बाबांना वाचवलंत."

तो एवढा चांगला आहे हेच सहन होत नाही. शिव्या दिल्या असत्या तर घरी येऊन झोपलो असतो.

मी म्हटलं, खात्याला कळवतो. ते म्हणाले, आता काय उपयोग, झाकली मूठ राहू द्या. मी म्हटलं, गेल्या दोन वर्षांत सतरा इंजिनं मी कानाने पास केली आहेत. ती उडत आहेत. ते खोक्यावर बसले. पंखांचं त्यांच्या लक्षात आलं होतं, इंजिनांचं नव्हतं.

तिथून धावपट्टी ओलांडून पलीकडे. सहा वर्षं रोज बघतो, पहिल्यांदा आत गेलो. बाकावर एक वहीएवढा तुकडा, खाली रजिस्टर. त्यात दोन सह्या होत्या, पहिली पलीकडच्याची, दुसरी तिची. यंत्र आहे, तरी तुकडा आधी.

ती हातमोजे काढून बाहेर आली. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. "तुझे दोन्ही पंख चांगले होते, नंतरचा तिसराही. दोष माझ्या कानांत होता. मी तसं लिहून देतो, जिथे म्हणशील तिथे."

"मला माहीत होतं, सर," ती म्हणाली. मी तिच्या ओठांकडे बघत होतो, आता तशी सवय लावून घेतोय.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. जाताना, दारातून. म्हटलं, सर, एकदा कान तपासून घ्या. तुम्ही हात वर केलात. मला वाटलं, समजलं तुम्हांला."

मला खाली बसावंसं वाटलं, पण तिथे खुर्ची नव्हती. तिने मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. मी माफी मागितलीही नाही. जोडणीतल्या बायकांना इथे घेता येईल का विचारलं. म्हणाली, चौघींना घेतलंय, बाकीच्यांना जागा नाही. म्हणजे चौतीस उरले. हा आकडा माझा पिच्छा सोडणार नाही.

१२ मे, गुरुवार

खात्याला पत्र लिहिलं. तीन पंख, सतरा इंजिनं, प्रत्येकाचा नंबर आणि तारीख. सकाळच्या तुकड्याच्या सह्यांपुढे लिहिलं: सही केली, वाजवला एकदाही नाही. तिच्याबद्दलचा अहवाल मागे घेतला, तोही स्वच्छ अक्षरात. उत्तर येईल तेव्हा येईल. सतरातलं एखादं आधीच कुठे पडलेलं नसो, एवढंच मनात येतं, आणि दिवसभर तेच येत राहतं.

तपासनीस काम सोडतो तेव्हा शिक्का परत करायचा असतो, आणि देण्याआधी तो दुसऱ्या कोणाच्या हाती लागून वापरात येऊ नये म्हणून त्यावरचा आकडा घासून टाकायचा, असा नियम आहे. पूर्वी निवृत्त होणाऱ्यांचे शिक्के मीच घासून द्यायचो. चहा, भाषण, टाळ्या आणि शेवटी हे काम. सगळे अंग चोरायचे, कारण पोलादावर कानस फिरते तेव्हा दातांत शिरशिरी येते.

आज माझा घेतला. बाहेरच्या खोलीत टेबलाला लोखंडी पकडीचा छोटा शेगडा लावला, शिक्का आवळला आणि कानस चालवली. साताचं शेपूट आधी गेलं. मग पोट. पोलादाची पांढरी भुकटी टेबलावर पडत होती. आवाज काहीच आला नाही. फक्त हाताला थरथर लागत होती.

मान वर केली तर ही दारात उभी होती, दोन्ही कानांवर हात दाबून.